बांधावरचा तंटा बांधावरच मिटवा

उन्हाळी नांगरट सुरू झाली की आम्हा कृषी खात्याच्या माणसांना येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलतो. एरवी बियाणे, खत, अळी याबद्दल विचारणारा शेतकरी या दिवसांत हळूच बाजूला घेतो आणि म्हणतो, "साहेब, बांधाचं काही करता येईल का? शेजाऱ्यानं यंदा पुन्हा दोन तासं आत घातली."

आता बांध हा काही आमच्या खात्याचा विषय नव्हे. तो महसूलचा आणि भूमी अभिलेखचा. पण एवढे सांगून हात झटकता येत नाहीत. भांडणातल्या रानात ठिबक बसत नाही, शेततळे होत नाही, सामाईक विहिरीवर नवी मोटार चढत नाही. शिवारात पडीक दिसणाऱ्या जमिनींतल्या काही केवळ वादापायी पडीक आहेत, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आधी थोडा हिशेब करू. समजा बांध २०० मीटर लांब आहे आणि शेजाऱ्याने अर्धा मीटर, म्हणजे दीड फुटाच्या आसपास, कोरला. गेलेली जमीन झाली १०० चौरस मीटर, म्हणजे एक आर. आपल्या बोलीत साधारण एक गुंठा. कोरडवाहू रब्बी ज्वारी हेक्टरी दहा क्विंटल धरली तर एका आरात पिकते दहा किलो. तालुक्याच्या कोर्टात एका तारखेला जायचे एसटीचे भाडे, चहापाणी आणि बुडालेला दिवस धरला, तर ही दहा किलो ज्वारी पहिल्याच तारखेला संपते. वकिलाची फी अजून धरलेली नाही.

म्हणून बांध सोडून द्या, असे मी म्हणत नाही. गुंठा असला तरी तो बापजाद्यांचा आहे, आणि आज दीड फूट सोडले तर उद्या तीन फूट जाईल ही भीतीही खोटी नाही. माझे म्हणणे एवढेच, की या भांडणात कोर्टाची पायरी शेवटची असावी. त्याआधी गावात बसून मध्यस्थी करण्याची एक पायरी आहे. ती नीट चढली तर काम होते. अर्धवट, घाईने किंवा दमदाटीने चढली तर भांडण आणखी चिघळते.

गावात बसून तंटा मिटवणे आपल्याला नवे नाही. शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, त्या वेळी आर. आर. पाटील गृहमंत्री होते. ग्रामसभेने समिती निवडायची, गावातले दिवाणी, महसुली आणि किरकोळ फौजदारी तंटे नोंदवायचे, समोरासमोर बसून मिटवायचे आणि चांगले काम करणाऱ्या गावाला बक्षीस द्यायचे, अशी ती मोहीम. पुष्कळ गावांनी मनापासून काम केले. काही गावांत मात्र बक्षीस आले, वेशीवर पाटी लागली आणि समितीने बसायचे थांबवले. गाव तंटामुक्त जाहीर झाले आहे, मग नवा तंटा नोंदवायचा कसा, असाही संकोच काही ठिकाणी दिसला. माझ्या मते हे उलटे झाले. तंटा नोंदवला गेला तर समितीला काम मिळते. दडपला तर तो बांधावर कुऱ्हाड घेऊन उभा राहतो.

दुखणे एकीकडे, भांडण दुसरीकडे

एका गावातली हकिगत सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, माणसांचेही नाही, कारण मिटलेला तंटा पेपरात आणून पुन्हा उकरू नये. दोघे चुलतभाऊ. थोरल्याचे रान चढाला, धाकट्याचे उताराला, मध्ये आजोबांच्या वेळचा बांध. तीन वर्षे भांडण चालले होते. पोलिसांनी दोघांवर चॅप्टर केस केली, दोघांनी बाँड लिहून दिले, आणि पुढच्या मृगाला पुन्हा तेच. थोरला म्हणायचा, हा दरवर्षी खालून बांध कोरतो. धाकटा म्हणायचा, कोरतो तर कोरतो, त्यांनी माझं काय ठेवलंय?

या "काय ठेवलंय"कडे तीन वर्षांत कोणी लक्ष दिले नव्हते. शेवटी पोलीस पाटील आणि दोन्ही घरांत ऊठबस असलेले एक निवृत्त गुरुजी यांनी दोघा भावांना वेगवेगळे गाठून बोलते केले. मग वळवाची मोठी सर येऊन गेल्यावर सगळ्यांना बांधावरच नेले. तिथे पाच मिनिटांत उलगडा झाला. थोरल्याच्या रानात ट्रॅक्टरने खोल नांगरट करताना बांधातला जुना दगडी सांडवा मोडला होता. तेव्हापासून वरच्या रानाचे पाणी एका जागी तुंबायचे आणि बांध फोडून धाकट्याच्या शेतात घुसायचे. दोन वर्षे त्याची पेरणी वाहून गेली होती. दादासमोर बोलायचे कसे, म्हणून तो बोलला नाही. बांध कोरून राग काढत राहिला.

हे कळल्यावर बोलणे सरळ झाले. सांडवा मूळच्या सखल जागी दगडाचा पुन्हा बांधायचा, तिथून ओढ्यापर्यंत धाकट्याच्या रानाच्या कडेने चर काढायचा, खर्च निम्मा निम्मा. सरकारी मोजणी करून हद्दीच्या खुणा रोवायच्या, त्याची फीसुद्धा निम्मी. बांध एक मीटर रुंद ठेवायचा आणि त्यावर मारवेल गवत लावायचे, म्हणजे माती धरून राहील. गवत एक साल थोरल्याने कापायचे, एक साल धाकट्याने. हे गवताचे कलम धाकट्याच्या बायकोने घातले. पुरुषमंडळींच्या ते डोक्यातही आले नव्हते, आणि पुढचे भांडण बहुधा त्या गवतावरूनच झाले असते.

त्या साली दिवाळीला दोन्ही घरांचा फराळ एकमेकांकडे गेला, असे गुरुजी सांगत होते. फराळाचे मी मुद्दाम लिहितो आहे. कोर्टाचा निकाल बांध ठरवून देतो, पण पाठीत उसण भरली तर शेजारच्या रानातून धावत येणारा माणूस परत मिळवून देत नाही. शेतीत शेजारी लागतोच. रात्री मोटार बंद पडली, गाय अडली, गंजीला आग लागली, तर पहिली हाक त्यालाच जाते.

बसायचे कसे

बैठक शक्यतो जिथे वाद आहे तिथेच घ्यावी. हॉटेलात किंवा पारावर बसले की दहा बघे जमतात, आणि बघ्यांसमोर कोणीही माघार घेत नाही. रानात बसले की निम्मे मुद्दे पायाखाली दिसतात. झाडाची सावली कुठवर पडते, पाणी कुठून येते, गाडीचे चाक कुठे रुतते, हे बोलून दाखवावे लागत नाही.

मध्यस्थ दोन किंवा तीन पुरेत, आणि ते दोन्ही बाजूंना मान्य हवेत. सरपंच एका बाजूचे पाहुणे असतील तर त्यांनी आपण होऊन बाजूला बसावे. त्यात त्यांचा मान जात नाही, वाढतोच. आधी प्रत्येकाचे एकट्याचे ऐकून घ्यावे, घरातल्या बाईमाणसासह. चारचौघांत न निघणारी गोष्ट तिथे निघते. लग्नात मानपान झाला नाही, म्हाताऱ्याच्या दवाखान्याचा खर्च एकट्यावर पडला, अशी काही तरी जुनी गाठ बांधाच्या भांडणाखाली पुष्कळदा सापडते. मध्यस्थाने "चूक कोणाची" या प्रश्नात फार शिरू नये. "पुढच्या पेरणीला काय पाहिजे" असे विचारावे. निवाडा द्यायची घाई तर मुळीच करू नये. तंटामुक्त समिती म्हणजे न्यायालय नाही, तिला शिक्षा किंवा दंड करण्याचा अधिकार नाही. तोडगा त्या दोघांच्या तोंडून निघाला पाहिजे.

आणि एक. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर असताना अशी बैठक लावू नका. कोणी कितीही चांगल्या मनाने आला तरी गाव त्याला पार्टीच्या चष्म्यातून बघते.

पाण्याची पाळी

सामाईक विहिरीचे तंटे वेगळ्या जातीचे. तिथे जमीन जागची हलत नाही, पाणी मात्र दर महिन्याला कमी होते. तीन हिस्सेदार, प्रत्येकी दोन दिवसांची पाळी, कागदावर सगळे बरोबर. तरी भांडण होते, कारण पाळी दिवसांवर ठरते आणि पाणी विजेच्या तासांवर निघते. ज्याच्या पाळीत फ्यूज गेला त्याची पाळी बुडाली. म्हणून पाळी प्रत्यक्ष वीज मिळालेल्या तासांवर मोजा आणि मोटारीच्या पेटीत एक वही ठेवा. चालू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, सही.

दुसरी बारीक गोष्ट. जिथे वीज आठवड्यातले काही वार दिवसा आणि काही वार रात्री येते, तिथे वार ठरवून पाळ्या वाटल्या तर एकाच भावाच्या नशिबी कायम रात्रीचे पाणी येते. साप-विंचू त्याच्याच वाट्याला. तेच सहा दिवसांचे चक्र ठेवले आणि वार न बघता ते फिरत ठेवले, तर पाळी दर आठवड्याला एका वाराने सरकते. वेळापत्रक मध्ये बदलले नाही तर बेचाळीस दिवसांत तिघांनाही दिवसाची आणि रात्रीची वीज सारखी मिळते. ही साधी आकडेमोड आहे, पण ती आधी न केल्यामुळे भाऊ भावाशी बोलायचे बंद होतात.

रब्बीचे बी घेण्याआधी विहिरीत दोर सोडून पाणी मोजा आणि कोण किती रान भिजवणार ते त्याच दिवशी बोला. एकाने कांदा वाढवला आणि दुसऱ्याचा हरभरा फुलात सुकला, तर फेब्रुवारीत केलेल्या मध्यस्थीचा पिकाला उपयोग नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावपासून पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या आकारावर न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर दिले, भूमिहीनांनाही वाटा ठेवला आणि उसाला पाणी नाही हे आधीच ठरवले. सगळ्या गावांना ते जमेल असे नाही. पण पीक आधी ठरवायचे आणि पाणी मग वाटायचे, एवढा क्रम तरी घेण्यासारखा आहे.

फवारणीचे तंटेही अलीकडे वाढले आहेत. शेजारच्या उसात २,४-डी मारले, वाऱ्याने ते कपाशीवर गेले आणि पाने बोटांसारखी लांबट, चिरल्यासारखी झाली, की दोन्ही बाजू हमरीतुमरीवर येतात. अशा वेळी आमच्या माणसाला बोलवा. लक्षण तणनाशकाचे की रोगाचे हे पाहून सांगता येते, आणि मात्रा थोडी असेल तर नवी फूट पुष्कळदा सुधारून येते. मारण्याआधी शेजाऱ्याला सांगणे, वारा पडलेला असताना मारणे आणि तणनाशकाचा पंप वेगळा ठेवणे, एवढे ठरले तरी पुढचा हंगाम सुखाचा जातो.

रस्ता, आणि सहा महिन्यांची मुदत

वहिवाटीच्या रस्त्यात मात्र सावध राहा. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ प्रमाणे वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा पाट कोणी अडवला तर तहसीलदार तो मोकळा करून देऊ शकतात. पण दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. गावात "बसू, बघू, दिवाळी होऊ द्या" असे करता करता हे सहा महिने निघून जातात आणि ज्याची वाट अडली तो हात चोळत बसतो. तेव्हा बोलणी लांबत असतील तर दावा दाखल करून ठेवा आणि बोलणी चालू ठेवा. समेट झाला तर तिथे तसे लिहून देता येते. दावा केला म्हणून समोरच्याने रागावू नये, हेही मध्यस्थाने त्याला समजावून सांगावे.

रस्ता मुळातच नसेल आणि नव्याने पाहिजे असेल तर जमीन महसूल अधिनियम १९६६ चे कलम १४३ आहे. त्यात तहसीलदार लगतच्या बांधांवरून वाट देऊ शकतात. आपसात मिटले तर उत्तमच, फक्त रुंदी आकड्यात लिहा. "गाडी जाईल एवढी वाट" असे लिहिलेले कागद मी पाहिले आहेत. बैलगाडीच्या काळात ते चालले. आता मळणी यंत्र आणि उसाचा ट्रॅक्टर आला की त्या वाक्याचे दोन अर्थ होतात. मे २०२५ च्या शासन निर्णयात शेतरस्ता तीन ते चार मीटर रुंद ठेवण्याचे आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घेण्याचे धोरण आहे. तडजोडीतून निघालेल्या रस्त्याचीही तशी नोंद मागून घ्या.

कुठे मध्यस्थी करू नये

हे स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण मिटवामिटवीच्या नावाखाली अन्यायही होतो. बलात्कार, गंभीर मारहाण, बालविवाह, जातीवरून झालेला अत्याचार ही प्रकरणे गावाने बसून मिटवायची नाहीत. तिथे गावाचे काम एकच, तक्रार करणाऱ्याच्या सोबतीने पोलीस ठाण्यापर्यंत जाणे. "गावाची अब्रू जाईल" म्हणून बाईला गप्प बसवणे ही मध्यस्थी नव्हे. ऐकत नाही म्हणून एखाद्या घराला वाळीत टाकणे हा तर सरळ गुन्हा आहे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

वाटणीच्या बैठकीत बहिणींना बोलवायचे नाही, ही आणखी एक सवय. भाऊ भाऊ बसतात, वाटण्या ठरतात आणि बहिणीकडे फक्त हक्कसोडपत्रावर सही मागायला जातात. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबातल्या मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. वडील २००५ मध्ये हयात होते की नव्हते याने त्यात फरक पडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले आहे. बहिणीने आपखुशीने हक्क सोडला तर तिची मर्जी. पण तिला पहिल्या बैठकीपासून बसवा. तिला वगळून केलेली तडजोड टिकेल याची खात्री कोणी देऊ नये.

कागद

तोंडी मिटलेला तंटा दोन पावसाळे टिकतो, असा माझा अनुभव आहे. पिढी बदलली की "आमच्या बापानं असं कबूल केलं नव्हतं" सुरू होते. म्हणून कागद करा आणि त्यात मोघम शब्द ठेवू नका. तारीख, गट नंबर, चतुःसीमा, बांधाची किंवा रस्त्याची लांबी-रुंदी मीटरमध्ये, कोणी कोणते काम कोणत्या तारखेपर्यंत करायचे, खर्च कोणाचा किती, आणि कोणी मोडले तर आधी कोणासमोर बसायचे, हे सगळे लिहा. दोन्ही बाजूंच्या आणि मध्यस्थांच्या सह्या घ्या, प्रत प्रत्येकाला द्या. लिहिता-वाचता न येणाऱ्याला मजकूर वाचून दाखवला असेही त्यात नमूद करा.

पण या कागदाची ताकद किती, तेही ओळखून असा. जमिनीची मालकी इकडून तिकडे होत असेल तर साध्या कागदावर किंवा नुसत्या स्टॅम्पवर भागत नाही, नोंदणीकृत दस्त लागतो. कोर्टात आधीच दावा चालू असेल तर तडजोड कोर्टात दाखल करा किंवा प्रकरण लोकअदालतीत ठेवून घ्या. लोकअदालतीचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा धरतात, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. दावा लावण्याआधीही तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत नेता येते. २०२३ साली केंद्राचा मध्यस्थी कायदा झाला, त्यात सामुदायिक मध्यस्थीचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातली सगळी कलमे एकदम लागू केलेली नाहीत, आणि त्या प्रकरणाप्रमाणे झालेला समझोताही कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येत नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. म्हणजे गावचा कागद दोघांच्या शब्दावरच चालतो. शब्दाच्या पलीकडची पक्की खात्री हवी असेल तर लोकअदालतीची पायरी गाठावी.

एका जुन्या दुखण्यावर शासनाने चांगला मार्ग काढला आहे, त्याची माहिती अजून पुष्कळांना नाही. गटवारीच्या वेळी अनेक ठिकाणी जमीन एकाच्या नावावर आणि ताबा दुसऱ्याचा, तर त्या दुसऱ्याची जमीन पहिल्याच्या ताब्यात, असे उलटसुलट झाले. दोघेही कसतात, पण सातबारा जुळत नाही, म्हणून कर्ज, पीक विमा, अनुदान सगळेच अडते. अशा दोघांनी आपसात अदलाबदल करून घ्यावी यासाठी जानेवारी २०२३ पासून सलोखा योजना आली. ताबा किमान बारा वर्षांचा पाहिजे, तलाठ्यांनी (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) पंचनामा करायचा, आणि दस्ताला मुद्रांक शुल्क एक हजार व नोंदणी फी एक हजार रुपये. दोन्ही बाजूंची संमती मात्र हवीच. योजना सुरुवातीला दोन वर्षांसाठी होती, पुढे मुदत वाढवली गेली. जाण्याआधी चालू मुदत विचारून घ्या.

या कामाला चैत्र-वैशाख हे महिने बरे. रान रिकामे असते, बांध उघडा दिसतो, मोजणीला पीक आडवे येत नाही आणि कामाला गेलेली माणसेही यात्रेला गावी येतात. मोजणीचा अर्ज मात्र त्याच्या पुष्कळ आधी भूमी अभिलेख कार्यालयात पडलेला असावा, म्हणजे तारीख पेरणीच्या तोंडावर येणार नाही. तंटामुक्त समिती गावात नावापुरती उरली असेल तर १ मेच्या ग्रामसभेत ती नव्याने निवडण्याचा विषय लेखी द्या, आणि समितीत निदान दोन बायका घ्या. बैठकीला येताना सातबारा, आठ-अ, जुने फेरफार आणि गटाचा नकाशा सोबत आणा. पाण्याचा किंवा बांधाच्या उताराचा प्रश्न असेल तर दोन दिवस आधी निरोप द्या, लेव्हल घेऊन आम्हीही येऊ.